जहाज आणि मेंढी

प्रश्न : ताई, मी सिडकोत संध्याकाळी नोकरदारांना इंग्रजी शिकवते. जहाजाचं 'शिप' आणि मेंढीचं 'शीप' त्यांच्या तोंडून एकच निघतं. ऱ्हस्व-दीर्घ सांगून थकले. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ते ऱ्हस्व-दीर्घ आधी बाजूला ठेवा. पंचवटीतल्या माझ्या वर्गात मीही १५ वर्षं तेच घोकवलं. मुलं भाजीवाल्यासारखं 'शीऽऽप' ओरडायला शिकली, एवढंच. कवी, रवी, पाणी... शेवटची वेलांटी आपण नियमाने दीर्घ लिहितो, बोलताना लांबी कोण मोजतं? इंग्रजीत खरा फरक जिभेचा आहे. 'शीप'ला जीभ वर चढते, ओठ ताणले जातात. 'शिप'ला ती जरा खाली, सैल. लांबी तर फसवीच. मण्याच्या 'बीड'मधला स्वर मारण्याच्या 'बीट'मधल्यापेक्षा लांब असतो, कारण 'ट' अघोष, म्हणजे म्हणताना गळा थरथरत नाही, आणि तो आधीचा स्वर आखडतो.

प्रत्येकाच्या हातात छोटा आरसा द्या, हनुवटीवर बोट ठेवायला सांगा आणि ओळीने म्हणवून घ्या : बीट, बिट, बेट, बॅट. हनुवटी एकेक पायरी उतरते. 'रामकुंडाच्या पायऱ्या उतरतोय असं समजा,' म्हटलं की आमच्याकडे लगेच कळतं. ('बॅट'ची काळजी नको, ती क्रिकेटने शिकवलीय.)

पण त्याआधी ऐकवा. तुम्ही तोंडापुढे वही धरून 'शिप' किंवा 'शीप' म्हणा, त्यांनी एक किंवा दोन बोटं दाखवायची. १० पैकी ८ बरोबर येईपर्यंत मी कुणाला बोलू देत नाही. कुरकुरतात, कुरकुरू देत.