'सगळं बरंय मॅडम'च्या पुढे कसं जायचं?

प्रश्न: ताई, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून दीड वर्ष झालं एका संस्थेत आहे. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत व्हिजिट असतात. एक बाई आहे, नवरा पितो, पोरगी आठवीतून शाळा सोडून विड्या वळायला बसलीय, हे सगळं शेजारणीकडून कळलं. मी गेले की म्हणते 'सगळं बरंय मॅडम'. चारदा गेले, फाइल कोरीच. मागच्या वेळी मनापासून म्हटलं, मी तुमचं दुःख समजू शकते, तर नुसती हसली. माझ्यातच एम्पथी, म्हणजे समोरच्याचं मन जाणून घेणं, कमी आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: अगं कमी असती तर पत्र कशाला लिहिलं असतंस. पण ती हसली ना, ते मला पटलं. तू न सांगितलेलं दुःख समजून घेऊन मोकळी झालीस की!

माझीच फजिती सांगते. नवीन होते तेव्हा अशाच एका घरी गेले, मांडीवर फॉर्म, हातात पेन, आणि बाई मान वर करेना. मी विचारतेय उत्पन्न किती, मुलं किती, आणि ती आपली पान कापतेय, तंबाखू भरतेय, वळतेय, दोरा गुंडाळतेय, ओठ मात्र हलतायत. मी रजिस्टरला लिहून आले 'सहकार्य करत नाही'. पुढच्या खेपेला तिची सासू म्हणाली, "ती मोजत होती गं, तू बोललीस की आकडा चुकायचा." हजाराच्या हिशोबाने मजुरी, सकाळी कारखान्यात माल द्यायचा, त्यात खराब म्हणून काही बाजूला काढणार ते वेगळंच. आणि मी तिचा वेळ खाऊन वर तिलाच शेरा दिला होता. तो शेरा मी नंतर खोडला, पण रजिस्टरमधली खाडाखोड दिसतेच.

मग एकदा फॉर्म न काढता नुसती बसले आणि म्हटलं मला शिकवा. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री चालवली तर पान फाटलं, घरातली सगळी हसली, आणि त्या हसण्यात तिने पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, तुला किती पगार गं? मी खरा आकडा सांगितला. त्यानंतर तिचं सुरू झालं ते तासभर.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने 1957 साली एम्पथीबद्दल लिहिलं त्यातला एक शब्द मला फार कामाला येतो, 'जणू'. समोरच्याचं जग जणू आपलंच आहे असं जाणायचं, पण ते 'जणू' सुटू द्यायचं नाही. सुटलं की आपण तिच्यासोबत रडत बसतो, नाहीतर पर्समधले पाचशे काढून देतो, आणि पुढच्या वेळी ती बाई तुला सांगते काय आणि मागते काय तेच कळेनासं होतं. म्हणून 'समजू शकते'च्या ऐवजी तिचेच शब्द परत कर, 'रात्री झोप लागत नाही म्हणालात' एवढंच, आणि गप्प बस, चूक असेल तर ती दुरुस्त करेल, तीच खरी माहिती.

भाषेचं पण बघ. त्या वसाहतीत कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, मराठीत ती मॅडमशी बोलते आणि तेलुगूत स्वतःशी. तुला येत नसेल तर 'तिन्नारा अक्का' (जेवलात का) एवढं तरी शीक. आणि दुभाषा म्हणून त्या पोरीलाच बसवू नकोस, आईचं दुःख पोरीच्या तोंडून काढायचं म्हणजे दोघींवर अन्याय.

पोरीच्या शाळेचं मात्र लांबवू नकोस. 6 ते 14 वयाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे हे तुला माहीतच आहे, पण पहिल्या वाक्यात कायदा काढलास तर दार लागेल, आधी विचार की ती बसली नाही तर रोजच्या किती विड्या कमी पडतात. आणि 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नकोस. पोरीच्या जिवाला धोका दिसला तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवावं लागेल, हे आधीच सरळ सांगून टाक. त्याने विश्वास जात नाही, उलट बायकांना स्पष्ट बोलणारी माणसं बरी वाटतात असा माझा अनुभव.

तुझ्या साहेबांनाही सांग की महिन्याला इतक्या व्हिजिट आणि इतके फॉर्म असा तगादा असेल तर एम्पथीचं ट्रेनिंग घेऊन काही उपयोग नाही, एका घरी दोन तास बसायची सोय करा.

आता जाशील तेव्हा माल देऊन ती परत आली असेल अशा वेळी जा, फॉर्म पिशवीतच राहू दे. चहा दिला तर नको म्हणू नकोस, साखर जास्त असते जरा.