ताम्हिणी घाटात बाईक पंक्चर झाली, जवळपास दुकान नाही. काय करावं?

आधी टायर ट्यूबलेस आहे का बघा. अलॉय व्हील असेल तर बहुतेक असतोच. मग खिळा दिसला की लगेच उपटायचा नाही! तोच भोक बुजवून बसलेला असतो. हवा टिकत असेल तर वीसच्या स्पीडने पुढच्या गावापर्यंत जाता येतं.

सीटखाली पंक्चर किट ठेवा. हवा टिकत नसेल तर खिळा पकडीने काढा, गिरमिटासारखी सळई भोकात फिरवून घासा (जोर लागतो, घाम निघतो), चिकट रबरी वात सुईत ओवून आत ढकला आणि सुई झटक्यात बाहेर ओढा. वर आलेली शेपटं कापा. मग हवा भरून त्यावर थुंकी लावा. बुडबुडा आला तर अजून एक वात. छोटा फूटपंप हवाच, नाहीतर किट असून नसल्यासारखं. प्रेशरचा आकडा बहुधा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर सापडतो.

स्पोकच्या चाकात ट्यूब असेल तर हे चालत नाही, चाक खोलावं लागतं. तिथे सरळ टेम्पोला हात करा. रिकाम्या टायरवर रेटलीत तर ट्यूब फाटते, रिमही वाकते.