हा मुक्तछंद नाही, अभंग आहे!

प्रश्न: नमस्कार सर, मी वेंगुर्ल्याची, हल्लीच कविता लिहायला लागलेय. ही दोन कडवी बघा ना.

भरतीचे पाणी / दारापाशी आले / होडीला म्हणाले / चल आता
वल्ह्याचा आवाज / खाडीत विरला / दिवा दूर गेला / कोणासंगे

मैत्रीण म्हणते लघुगुरू (आखूड-लांब उच्चाराची अक्षरं) कुठेच जुळत नाहीत, मग मुक्तछंदच म्हण. आणि दुसऱ्या कडव्यात यमक असून पण कानाला खटकतं, ते का? याचंच वाढवून सुनीत (सॉनेट) होईल का?

उत्तर: मुक्तछंद अजिबात नाही हो, हा चक्क मोठा अभंग आहे! ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक आणि चौथा आखूड, सगळं बरोबर आलंय. मैत्रीण शोधतेय ते अक्षरगणवृत्त, त्यात प्रत्येक ओळीत लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो. म्हणजे 'समुद्रावरी वात आला पहाटे' ही ओळ घ्या, लघु-गुरू-गुरू असं चार वेळा, १२ अक्षरं, हा भुजंगप्रयात, मनाच्या श्लोकांचा. यातला 'मु' ऱ्हस्व असून पुढच्या 'द्रा' या जोडाक्षरामुळे गुरू झालाय. अभंगात ही भानगडच नाही, नुसती अक्षरं मोजायची आणि जोडाक्षर एकच धरायचं, म्हणून 'म्ह' एक, 'ल्ह्या' पण एक.

फक्त बोलण्यावरून मोजू नका. आपण बोलताना 'विर्ला', 'आवाज्' म्हणतो आणि मग बोटांवर अक्षरं कमी भरतात, पण छंदात तो र आणि ज पूर्ण धरतात. गणपतीत भजनाला बसाल तेव्हा नीट ऐका, बुवा गाताना हे अक्षर कसं पूर्ण उच्चारतात आणि आखूड चरणाची राहिलेली जागा सूर लांबवून कशी भरतात ते लगेच कळेल, मला तर वाचण्यापेक्षा ऐकूनच छंद जास्त कळतो असं वाटतं.

आता यमक. 'आले-म्हणाले' मध्ये 'ले'च्या आधीचा आ पण जुळतो, म्हणून ते गोड लागतं. 'विरला-गेला' मध्ये 'ला' सारखा, पण आधी एकीकडे अ आणि दुसरीकडे ए, तेच तुम्हाला खटकतंय, तुमचा कान तयार आहे! 'खाडीत विरला / अंधार उरला' करून बघा, अक्षरं सहाच राहतात. मग 'कोणासंगे' लटकतं, तिथे 'मागेपुढे' चालेल.

सुनीत नको. त्याला १४ ओळी लागतात, वृत्त पण बहुतेक वेळा शार्दूलविक्रीडितासारखं लांब, १९ अक्षरांचं. आपल्या मालगुंडच्या केशवसुतांनी ते मराठीत रुजवलं म्हणून ओढ वाटणारच, पण तुमची होडी छोट्या चरणातच छान चाललीय. ती कुठे गेली ते मात्र अजून आलेलं नाही, पुढची कडवी लिहून पाठवा.