ओळख घडवलेली असते, मग ती खोटी का?

तुमचा प्रश्न असा, की ब्रिटनमधले संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल म्हणतात तशी ओळख घडवलेली असेल, तर बौद्ध किंवा वैदर्भीय ही आपली ओळख बनावट म्हणायची का? अजिबात नाही. वर्गात हा गोंधळ फार होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हॉल १९३२ साली जमैकात जन्मले. तिथली बहुसंख्य माणसं आफ्रिकी वंशाची, तरी लहानपणी कुणी स्वतःला 'काळा' म्हणवताना आपण ऐकलंच नाही, असं ते सांगतात. ते म्हणवून घेणं सत्तरच्या दशकात आलं. कातडी तीच होती, पण माणसं वेगळ्या इतिहासात उभी राहिली होती. गतकाळाच्या कथेत आपण कुठे उभे राहतो आणि इतर आपल्याला कुठे उभं करतात, यातून ओळख होत जाते, हा हॉलचा मुद्दा.

आता १४ ऑक्टोबर १९५६ घ्या. त्या दिवशीच्या बौद्ध धम्माच्या दीक्षेसाठी नागपूरच का, हे बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं: बुद्धाचा धम्म पसरवणारे नाग लोक इथले. गावानं वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांना त्यांनी धम्मप्रसारकांचे वारस म्हणून उभं केलं. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध काही हजार होते, १९६१ मध्ये २७ लाखांच्या वर. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जा. पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी पुस्तकांच्या स्टॉलसमोर पदराची गाठ सोडून नातवासाठी पुस्तक घेते. हे बनावट कसं म्हणणार?

मात्र स्वतः ठरवलं म्हणजे झालं, असंही नाही, आणि हा भाग विद्यार्थी हमखास गाळतात. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या, त्या १९९० मध्ये मिळाल्या. तब्बल चौतीस वर्षं माणूस स्वतःला एक म्हणत होता आणि सरकारी कागद दुसरंच काही मागत होता. हॉल ज्या ओढाताणीबद्दल बोलतात ती हीच.

वैदर्भीयाचंही तसंच. दीक्षेनंतर अठराव्या दिवशी, तोवर मध्य प्रदेशची राजधानी असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं, १९६० ला महाराष्ट्रात आलं. राजधानीपण गेल्याची सल वैदर्भीय अस्मितेत आजही आहे.

तेव्हा हॉल वाचताना बाबासाहेबांचं १५ ऑक्टोबरचं भाषण शेजारी ठेवा, आणि दोघं इतिहासाकडून काय मागतात ते आधी पाहा.