पैसे मीच पाठवले, मग तक्रारीचा उपयोग काय?

ऑनलाइन खरेदीत फसलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य हमखास येते: "ओटीपी कुणाला दिला नाही, खातं कुणी हॅक केलं नाही. पैसे मीच माझ्या हाताने पाठवले. आता बँक कशाला परत देईल?" यातले अर्धे खरे आहे. अशा वेळी बँक सहसा स्वतःच्या खिशातून भरपाई देत नाही. पण पाठवलेली रक्कम ज्या खात्यात पडली तिथेच अडवता येते, आणि तिथून ती पुढे निघून गेली असली तरी पुढच्या खात्यातही अडवता येते. हे काम किती होईल ते तक्रार केव्हा केली आणि कोणते आकडे दिले यावर ठरते. खाली दिलेल्या प्रकरणात ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बचत गटातल्या तिघींनी मिरची-मसाला कांडायचे मशीन घ्यायचे ठरवले. फेसबुकवर राजकोटच्या कारखान्याची जाहिरात दिसली. जवळचा विक्रेता ८० हजारांच्या पुढे सांगत होता, इथे घरपोच ५७ हजार. तिघींचे पैसे एकीच्या बचत खात्यावर जमा झाले. तिला आपण ताई म्हणू. बुधवारी बुकिंगचे ५,००० यूपीआयने गेले. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास ५२,००० आयएमपीएसने, म्हणजे खाते क्रमांकावर लगेच पैसे पोहोचवणाऱ्या बँकेच्या सोयीने गेले. दुपारी ट्रकच्या बिल्टीचा, म्हणजे माल चढवल्याच्या पावतीचा फोटो आला आणि पाठोपाठ मागणी आली: ट्रान्सपोर्टचा विमा आणि करापोटी १८,५००, मशीन उतरवताना परत मिळतील. पाच वाजता तेही गेले. रात्री पुन्हा फोन, गाडी चेकपोस्टवर अडली आहे, आणखी १४,००० पाठवा. तिथे ताई थांबल्या. एकूण गेले ७५,५००.

त्या सल्ला विचारायला आल्या तेव्हा, तिसऱ्या वेळी पैसे पाठवताना शंका आली नव्हती का, असे विचारल्यावर म्हणाल्या, "आली होती हो. पण सत्तावन्न हजार अडकले होते. घरी सांगितलं नव्हतं. म्हटलं एवढे भरले की मशीन येईल आणि कुणाला काही कळणारच नाही." अशा बहुतेक प्रकरणांत शेवटचा हप्ता असाच, गेलेले पैसे झाकण्यापायी जातो. फसवणारा ते ओळखून असतो, म्हणून त्याची दुसरी-तिसरी मागणी नेहमी 'परत मिळणाऱ्या' रकमेची असते. त्यामुळे पहिला सल्ला पैशांबद्दलचा नव्हता. दोन्ही मैत्रिणींना आणि घरी आजच सांगा, असा होता. कधी, किती, कोणत्या खात्यावर, एवढेच एका कागदावर लिहायचे आणि तो कागद समोर ठेवायचा. सफाई देत बसायचे नाही. हाच कागद पुढे पोलिसांना आणि बँकेलाही लागतो.

ताई आल्या तो दुसरा शनिवार होता. बँक बंद, म्हणून सोमवारी शाखेत जाऊन साहेबांना भेटायचे असा त्यांचा बेत होता. पण तेवढ्या दोन दिवसांत फसवणाऱ्याचे खाते रिकामे होऊन जाते. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक सुट्टीच्या दिवशीही चालतो आणि त्यासाठी पोलीस ठाण्यात जावे लागत नाही. तिथे नोंदवलेली माहिती केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेतून थेट पैसे जमा झालेल्या बँकेकडे जाते. रक्कम खात्यात असेल तर त्यावर होल्ड बसतो, म्हणजे ती काढता येत नाही. पुढच्या खात्यात सरकली असेल तर तीच नोंद त्या पुढच्या बँकेकडे जाते. फोन लागत नसेल तर वाट बघत न बसता सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर 'आर्थिक फसवणूक' या भागात स्वतः तक्रार भरावी. फोनवर तक्रार दिली तरी पोर्टलवरची नोंद २४ तासांच्या आत पूर्ण करून ठेवावी, नाहीतर ती अर्धवट राहते.

ताईंनी तेव्हाच १९३० ला फोन लावला. फोनवर घोटाळा होतो तो आकड्यांचा. ताईंनी वाचायला घेतला तो क्रमांक 'टी' अक्षराने सुरू होणारा होता. तो फोनपेचा स्वतःचा व्यवहार क्रमांक. बँकेला हवा असतो यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेकडचा क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये तो १२ अंकी असतो. फोनपेमध्ये तो त्याच पानावर खाली 'यूटीआर' म्हणून दिसतो. गूगल पेमध्ये 'यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी' घ्यायचा, गूगलचा अक्षरे-अंक मिसळलेला लांब आयडी नाही. आयएमपीएसचा क्रमांक बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा स्टेटमेंटमध्ये मिळतो. एनईएफटी आणि आरटीजीएस या बँकेतून पैसे पाठवायच्या दुसऱ्या दोन पद्धती. त्यांतला यूटीआर अनुक्रमे १६ आणि २२ अक्षर-अंकांचा असतो. तिन्ही रकमांची नोंद वेगवेगळी करून घेतली, कारण तिन्ही तीन निरनिराळ्या खात्यांत गेल्या होत्या. "एकूण पंचाहत्तर हजार गेले" असे सांगून भागत नाही. प्रत्येक रकमेची वाट वेगळी असते.

मग पुरावे. चॅट डिलीट करू नका आणि समोरच्याला शिव्या घालून सावधही करू नका, उत्तर देणे फक्त बंद करा. व्हॉट्सॲपवर नंबर 'मशीनवाला राजकोट' अशा नावाने सेव्ह केलेला असेल तर स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसतच नाही, नुसते नाव दिसते. म्हणून संपर्काच्या माहितीचे पान उघडून नंबरसकट वेगळा स्क्रीनशॉट घ्यावा. चॅट फोटोंसह एक्स्पोर्ट करून ठेवावे. जाहिरातीची लिंक, पेजचे नाव, आलेली बिले, सगळे एका जागी. तो मोबाइल विकू नये, रिसेट करू नये.

बिल आणि बिल्टी तिथेच टेबलावर मोठी करून पाहिली. बिलावर पत्ता राजकोटचा, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने. १५ अक्षर-अंकांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात: गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता करदाता शोधता येतो. शोधला तर तो क्रमांक कापडाच्या एका व्यापाऱ्याचा निघाला, त्याला बिचाऱ्याला याचा पत्ताही नसणार. बिल्टीवर वजनाचा रकाना कोरा होता. लोखंडी मशीन ट्रकवर चढले आणि वजन लिहिले नाही, असा ट्रान्सपोर्टवाला मिळायचा नाही. यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर कारखान्याऐवजी एका बाईचे नाव आले होते. विचारल्यावर "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत" असे उत्तर मिळाले होते. आयएमपीएसच्या वेळी ताईंनी लाभार्थ्याच्या रकान्यात कंपनीचे नाव लिहिले आणि त्या निर्धास्त झाल्या. पण रक्कम जमा होते ती खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी कोड पाहून, नाव जुळते का ते तपासून नव्हे. आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवायची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. ती वापरावी.

सोमवारी बँकेत जायचे ते लेखी अर्ज घेऊनच. अर्जात तिन्ही यूटीआर, पोर्टलचा तक्रार क्रमांक आणि दोन स्पष्ट मागण्या: पैसे मिळालेल्या बँकेला फसवणुकीची सूचना देऊन रक्कम परत मागवावी आणि काय कारवाई झाली ते लेखी कळवावे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्यायची. तोंडी बोलण्याला पुढे काडीची किंमत नसते. शाखेत अपेक्षेप्रमाणे उत्तर मिळाले, "मॅडम, तुम्हीच तर पाठवलेत."

या मुद्द्यावर लोकांचा फार गोंधळ होतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली आहे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि ते तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाचे नुकसान शून्य. पण हे परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांचे आहे. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत. त्यावरून शाखेत भांडण्यात दिवस घालवू नये. त्याच परिपत्रकातली दुसरी गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: ओटीपी सांगितल्यासारखी चूक ग्राहकाची असली, तरी बँकेला कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे असते. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर माल न मिळाल्याबद्दल चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत मागता आले असते. बँक ट्रान्सफरला ती सोय नाही, आणि म्हणूनच असे विक्रेते कार्ड घेत नाहीत.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही. तिथे "माझे पैसे द्या" म्हणण्यापेक्षा "अमुक तारखेला कळवूनही बँकेने अमुक दिवस काही केले नाही" असे म्हटलेले टिकते. पोहोच लागते ती इथे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ग्राहक आयोग हा मार्ग खऱ्या, पत्ता असलेल्या विक्रेत्यासाठी आहे. विक्रेताच बनावट असेल तर नोटीस बजावायची कुणावर?

पोलिसांकडचा रस्ता समांतर चालतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) (फसवणूक) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड (संगणक किंवा मोबाइल वापरून दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे), ही यातली नेहमीची कलमे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून गावची चौकी बहुधा सायबर ठाण्याकडे बोट दाखवते. तरी अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतो.

आठवड्याच्या आत चित्र स्पष्ट झाले. बुधवारचे ५,००० त्याच दिवशी एटीएममधून काढले गेले होते. ५२,००० पैकी २०,८०० दुसऱ्या खात्यात जाऊन तिथून रोख निघाले आणि ३१,२०० त्याच दुसऱ्या खात्यात होल्डवर सापडले. शुक्रवारी संध्याकाळचे १८,५०० पहिल्याच खात्यात जसेच्या तसे अडकले होते. म्हणजे ४९,७०० अडवले गेले. सोमवारपर्यंत थांबले असते तर त्यातले किती राहिले असते, ते न बोललेलेच बरे.

याच आठवड्यात ताईंना फोन आला: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झाली आहे, फाइल चार्ज २,९९९ भरा." त्यांच्या पुतण्याने त्या जाहिरातीच्या पेजवर, फसवणूक झाली म्हणून, मोबाइल नंबरसकट कमेंट टाकली होती. असे नंबर गोळा करणारी वेगळी टोळी असते. पोलीस, बँक, रिझर्व्ह बँक यांपैकी कुणीही पैसे परत देण्यासाठी आधी पैसे मागत नाही. परतावा मिळवायला क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणणाराही चोरच, कारण यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही. कधीकधी पहिल्या खात्याचा मालक, ज्याने थोड्या पैशांसाठी खाते भाड्याने दिलेले असते, तोच फोन करून म्हणतो, "तक्रार मागे घ्या, मी देतो." त्याच्याशी परस्पर तडजोड करू नये. त्याचा नंबर तपास अधिकाऱ्याला द्यावा.

होल्ड बसला म्हणजे पैसे मिळाले, असे ताईंना वाटले होते. तसे नसते. बँक होल्डवरची रक्कम स्वतःहून परत पाठवत नाही. ताईंच्या बाबतीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले हे कलम ४५७. अर्जाला तक्रारीची प्रत, नोंदवलेल्या गुन्ह्याची (एफआयआरची) प्रत, रक्कम गेलेल्या दिवसांचे शिक्का मारलेले स्टेटमेंट, आधार आणि होल्डची रक्कम व खाते दाखवणारे पोलिसांचे किंवा बँकेचे पत्र जोडले. न्यायालय पोलिसांचे म्हणणे मागवते आणि उद्या दुसऱ्या कुणाचा हक्क ठरला तर रक्कम परत करीन, असे बंधपत्र घेते. वकिलाच्या खर्चामुळे इथे पुष्कळ जण माघार घेतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा असतो, न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असते, आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. ताईंना तिथूनच वकील मिळाले.

१८,५०० चा आदेश आधी झाला, कारण त्या खात्यावर दुसरा कुणी दावेदार नव्हता. आदेशाची प्रमाणित प्रत त्या बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी कामे पाहायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ईमेलने आणि पोलिसांमार्फत, अशी दोन्हीकडून गेली आणि रक्कम ताईंच्या खात्यावर जमा झाली. त्याच दिवशी त्यांनी ती तिघींच्या वाट्याप्रमाणे वाटली. ३१,२०० मात्र अडून आहेत. त्याच खात्यात आणखी दोन राज्यांतल्या तक्रारदारांचे पैसे आले होते, आणि शिल्लक सगळ्यांच्या मागणीपेक्षा कमी आहे. आपली रक्कम कोणत्या तारखेला, किती वाजता आत आली आणि त्यानंतर खात्यातून काय काय गेले, हे दाखवणारे त्या खात्याचे स्टेटमेंट तपास अधिकाऱ्यांनी न्यायालयात हजर करावे, असा अर्ज वकिलांनी दिला आहे. पुढची तारीख लागली आहे.