विळी, ग्रहण आणि सातवा महिना

गरोदरपणात आपल्याकडून काही चुकले म्हणून मुलीत जन्मतः काही दोष राहिला का, असे विचारणाऱ्या आया माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. कोल्हापुरातल्या माझ्या समुपदेशनातला असा एक अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, लिहीत आहे.

करवीर तालुक्यात शिवणकाम करणारी एक बाई आपल्या १७ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीची बाकी सारी वाढ वयाप्रमाणे झाली होती, पण पाळी आलेली नव्हती. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोश दिसले, गर्भाशय मात्र दिसले नाही. साधारण ४,५०० ते ५,००० मुलींमागे एकीत अशी रचना आढळते. डॉक्टरांनी हे नीट सांगितले होते, तरी घरात सासूबाईंचे निदान जास्त चालले होते: सातव्या महिन्यात ग्रहण असताना सुनेने विळीवर भाजी चिरली.

"मॅडम, माझ्याच हातनं झालं न्हवं हे?" तिने विचारले.

सुरुवातीला मुलग्याच्या आणि मुलीच्या गर्भात स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही प्रकारच्या जननेंद्रियांच्या नलिका असतात, हे मी तिला सांगितले. सहाव्या आठवड्याच्या सुमारास म्यूलर नलिकांची, म्हणजे त्यांतल्या स्त्री-प्रकारच्या नलिकांची, जोडी तयार होऊ लागते. मुलग्यात वृषणातून येणारे एक संप्रेरक ती विरघळवते, मुलीत ती वाढत जाते. वरचे भाग वेगळे राहून त्यांच्या गर्भनलिका होतात, खालचे भाग एकमेकांना चिकटतात आणि मधला पडदा विरून एकच गर्भाशय उरते. तिला समजेना, म्हणून मी तिच्याच पिशवीतल्या दोन चिंध्या गुंडाळून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तिने त्या सवयीने हातात घेतल्या, खालच्या बाजू जुळवल्या आणि म्हणाली, "म्हणजे मधलं कापड कापून टाकलं की पिशवी झाली." पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे मला अधिक नेमके वाटले.

ही जुळणी तिसऱ्या महिन्यातच होते. तिच्या मुलीत जे घडायचे राहिले, ते विळी हातात घेण्याच्या कितीतरी आधी राहिले होते. त्यावर तिचा पुढचा प्रश्न रास्त होता: मग पहिल्या तीन महिन्यांत काही चुकले असेल का? येथे खोटा दिलासा देणे मला पटत नाही. बहुतेक मुलींत नेमके कारण सापडत नाही, काहींत जनुकांतले बदल आढळतात. परंतु आईच्या खाण्यापिण्यामुळे असे होते, हे कोठेही सिद्ध झालेले नाही.

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने खाली बघतच विचारले, "मी मुलगीच आहे ना?" तिची गुणसूत्रे ४६ एक्सएक्स, म्हणजे स्त्रियांत नेहमी असतात तशीच, आली होती. बीजकोश या नलिकांपासून होत नाहीत, ते वेगळ्या उतींपासून तयार होतात. म्हणूनच ते शाबूत होते आणि त्यांच्या संप्रेरकांनी तिची वाढ झाली होती. मूत्रपिंडे मात्र याच नलिकांच्या शेजारी घडत असल्याने त्यांची तपासणी करून घ्यायला मी सांगितले.

पंधरा दिवसांनी सासूबाईही आल्या. मी बोलण्याआधीच सुनेने पर्समधून शिवलेली एक छोटी पिशवी काढली, वर दोन बाह्या असलेली, आणि महिने मोजत त्यांना समजावले. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "बरं, मग लग्नाचं काय?" पुढच्या तीन भेटी त्याच प्रश्नात गेल्या.