अक्रोडाचं म्हणून घेतलेलं संतूर प्लायवूडचं निघालं, तक्रार कशी करू?

प्रश्न: मी अमळनेरला राहते. माझी 16 वर्षांची मुलगी जळगावला संतूर शिकते. तिच्या गुरुजींनी सुचवलेल्या मुंबईच्या एका विक्रेत्याकडून फेब्रुवारीत 68,000 रुपयांना नवीन संतूर मागवलं. 20,000 आगाऊ आणि 48,000 माल निघताना, दोन्ही वेळा मीच यूपीआयने दिले. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने ‘फुल अक्रोड, 31 घोड्या, 93 तारा’ असं लिहिलं होतं (घोड्या म्हणजे तारांखालचे आधार). ‘आमच्याकडे ऊन कडक असतं, टिकेल ना?’ असं विचारल्यावर ‘काही होत नाही, सीझन केलेलं लाकूड आहे’ असं उत्तर आलं. मे महिन्यात खुंट्या सैल पडू लागल्या, वरच्या पाटीला तडा गेला आणि तड्यात प्लायवूडचे थर दिसले. आता विक्रेता म्हणतो, तुमच्या उन्हाने झालं, बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय, 9,000 रुपये आणि जाण्यायेण्याचं भाडं द्या, दुरुस्त करून देतो. गावातल्या सुताराकडून चिकटवून घेऊ का? आणि गुरुजींचं नाव यात ओढलं जाईल का?

उत्तर: ताई, आधी सुताराचं. त्याला वाद्याला हात लावू देऊ नका. तो तडा हाच आज तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. त्यात एकदा फेविकॉल भरला की थर दिसणार नाहीत, आणि ‘बाहेरच्या माणसाने उघडून बिघडवलं’ असं म्हणायला विक्रेत्याला आयतं कारण मिळेल.

गुरुजींचीही काळजी नको. पैसे तुमच्या खात्यातून थेट विक्रेत्याकडे गेले, बिल विक्रेत्याचं आहे. गुरुजींनी फक्त नाव सुचवलं. त्यांना सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष, करायची गरज नाही. मुलगी सज्ञान नाही, म्हणून तक्रार तुमच्या नावाने करा. ती उद्या एखाद्या कार्यक्रमात मानधन घेऊन वाजवत असली, तरी वाद्य शिकण्यासाठी घेतलंय, त्यामुळे ‘व्यापारी हेतू’चा आक्षेप टिकणार नाही.

आता खरा मुद्दा. तुमच्याकडे दोन तक्रारी आहेत आणि दोन्हींचं वजन सारखं नाही. पहिली, वाद्य उन्हाळ्यात तडकलं. दुसरी, अक्रोड सांगून प्लायवूड दिलं. बहुतेक जण पहिलीवर भर देतात आणि अडकतात, कारण लाकूड का तडकलं यावर दोन्हीकडून तज्ज्ञ उभे राहू शकतात. मुंबईच्या दमट हवेत जुळलेलं लाकूड आपल्याकडच्या कोरड्या हवेत आलं की ओलावा सोडतं आणि आकसतं. एप्रिल-मेमध्ये खान्देशात पारा 45 च्या आसपास जातो, त्यात दिवसा कूलरची ओली हवा आणि कूलर बंद झाला की पुन्हा कोरडी, असा रोजचा फेरा. विक्रेता हा कूलरचा मुद्दा नक्की काढणार, लिहून ठेवा. दुसऱ्या तक्रारीत मात्र उन्हाचा काही संबंध नाही. ऊन अक्रोडाचं प्लायवूड करत नाही. म्हणून तक्रारअर्जात पहिलं कलम वर्णनाचं ठेवा, तडा आणि खुंट्या त्यानंतर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वरची पाटी प्लायवूडची असलेली संतुरं बाजारात सर्रास मिळतात आणि ती सगळी वाईट वाजतात असं नाही. तुमचा आक्षेप प्लायवूडवर नसून ‘फुल अक्रोड’ या लेखी शब्दांवर आणि त्या शब्दांसाठी घेतलेल्या पैशांवर आहे. नोटिशीत ‘बोगस वाद्य’, ‘फसवणूक टोळी’ असली भाषा टाळा.

मालविक्री कायदा 1930 च्या कलम 15 नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. कलम 16 म्हणतं की खरेदीदाराने माल कशासाठी हवा ते सांगितलं आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलं, तर तो माल त्या कामाला योग्य असला पाहिजे. तुमचा उन्हाबद्दलचा प्रश्न आणि त्याचं ‘काही होत नाही’ हे उत्तर या कलमात अगदी नेमकं बसतं. उन्हाचा बचाव त्याने स्वतःच्याच एका ओळीने कमकुवत केला आहे.

या कायद्यात तुमची एक बाजू मात्र कच्ची आहे. कलम 42 प्रमाणे वाजवी मुदतीत ‘हा माल मला नको’ असं न कळवता ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. तुम्ही फेब्रुवारी ते मे वाद्य वापरलं, त्यामुळे या एकट्या कायद्याच्या जोरावर माल नाकारणं अवघड आहे. भरपाईचा हक्क तरी राहतोच. म्हणून ग्राहक संरक्षण कायदा 2019 हीच तुमची वाट. त्यात माल सदोष आहे की नाही एवढं पाहतात, आणि ‘दोष’ या शब्दात विक्रेत्याने सांगितलेल्या दर्जातली उणीवही येते. कलम 39 खाली ग्राहक आयोग दोष दूर करायला, माल बदलून द्यायला किंवा किंमत परत करायला सांगू शकतो, वर नुकसानभरपाईही देऊ शकतो. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं आहे, पण तेवढी थांबू नका. लाकूड रोज बदलतंय.

बिलावर छापलेल्या वाक्याला घाबरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. शब्द मात्र जपून वापरा. ‘अनुचित करार’ असं लिहिलंत तर त्याची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढंच लिहा.

ट्रान्सपोर्टला सामनेवाला करू नका. पेटी चांगली उतरली, मेपर्यंत वाद्य वाजलं, त्यामुळे तो धागा बळकट नाही. तरी बिल्टी (माल पाठवल्याची ट्रान्सपोर्टची पावती) जपून ठेवा.

पुरावा असा गोळा करा. दिवसा उजेडात, एकही कट न घेता व्हिडिओ काढा: आधी बिल, मग त्यावरचा नंबर वाद्यावर असेल तर तो, मग पूर्ण वाद्य, मग तडा अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. थर दिसतील असा फोटो वेगळा घ्या. मग खुंट्या. नवीन तारा पहिले काही आठवडे ताणत राहतात आणि सूर उतरतो, हा दोष धरला जात नाही. तार तुटणं हाही नाही. दोष आहे तो खुंटी आपोआप फिरण्यात, आणि त्यातला फरक दाखवायला एक साधी युक्ती आहे. खुंटी आणि तिच्या शेजारचं लाकूड दोन्हींवरून जाईल अशी पेन्सिलची एक बारीक सरळ रेघ ओढा. सूर लावा, फोटो घ्या, 24 तासांनी पुन्हा ट्यूनरवर तपासा. सूर उतरला आणि रेघ मोडलेली दिसली, तर खुंटी घसरली. सूर उतरला आणि रेघ जशीच्या तशी, तर तार ताणली असेल किंवा साचा हलला असेल. चार-पाच खुंट्यांवर हे तीन दिवस करा आणि तारीख-वेळेसह वहीत मांडा. एका फळीतल्या ओळीने खुंट्या घसरत असतील, किंवा खुंटीपासून खुंटीपर्यंत बारीक चीर जात असेल, तर दोष त्या फळीच्या लाकडात आहे. मग एकेक खुंटी ठोकून काही होणार नाही, आणि 9,000 रुपयांच्या दुरुस्तीला अर्थ उरत नाही.

हे झाल्यावर दुसऱ्या एखाद्या वाद्य बनवणाऱ्याला दाखवून त्याचं मत लेखी घ्या: कोणता भाग कशाचा, तडा कुठून सुरू झाला, दुरुस्त होण्यासारखा आहे का. गरज पडली तर ते शपथपत्रावर द्यायची त्याची तयारी आहे ना, हेही आधीच विचारा. आयोगाला वाटलं तर कलम 38 खाली वस्तू प्रयोगशाळेत पाठवता येते. तिची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. तुमच्या बाबतीत थर उघड्या डोळ्यांना दिसतात, त्यामुळे चांगले फोटो आणि जाणकाराचं मत बहुधा पुरेल.

मग सगळ्या तारा सारख्याच, साधारण एक स्वर खाली उतरवा. 93 तारा मिळून त्या पाटीवर शेकडो किलोंचा ताण आहे, तो तसाच ठेवला तर तडा वाढेल आणि ‘तुम्ही नुकसान वाढू दिलं’ हे तुमच्यावर येईल. पूर्ण सैल मात्र करू नका, घोड्या सरकतात. हे करण्याआधी विक्रेत्याला एका ओळीचा मेसेज टाका. वाद्य आतल्या खोलीत ठेवा, पश्चिमेच्या भिंतीपासून आणि कूलरच्या झोतापासून लांब.

व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण आजच एक्सपोर्ट करा, स्क्रीनशॉटवर भागवू नका. मूळ फोन विकू किंवा रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत तेवढा काटेकोर नसतो, पण प्रमाणपत्र असलं की ‘मेसेज बनावट आहे’ हा आक्षेप घेणं विक्रेत्याला जड जातं.

आता नोटीस. वकिलाच्या लेटरहेडची गरज नाही, साध्या कागदावर तुमच्या सहीने, स्पीड पोस्टाने पोहोच पावतीसह पाठवा, आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवर व ईमेलवरही टाका. मजकूर असा ठेवा:

‘आपण दि. … रोजी रु. 68,000 घेऊन मला नवीन संतूर विकले. दि. … च्या मेसेजमध्ये आपण ते “फुल अक्रोड” असल्याचे आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात टिकेल असे लेखी कळवले. दि. … रोजी वरच्या पाटीला तडा गेल्याचे व ती पाटी प्लायवूडची असल्याचे दिसून आले. तसेच खुंट्या घसरत असल्याने वाद्य सुरात राहत नाही. सदर माल वर्णनाप्रमाणे नाही व सदोष आहे. तो मी स्वीकारत नाही. ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रु. 68,000 व आणण्याचे भाडे परत करून आपल्या खर्चाने वाद्य घेऊन जावे. तोपर्यंत ते माझ्याकडे आपल्या पाहणीसाठी उपलब्ध आहे. माझे सर्व हक्क राखून.’

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. पाहणीची संधी दिली होती, हे पुढे कामाला येतं. आणि वाद्य स्वतःहून मुंबईला पाठवू नका. तिथे पाटी बदलली गेली तर तुमच्या हातात फोटो सोडून काही राहणार नाही. त्याने उत्तरात फुकट दुरुस्ती देऊ केली तर विचार करायला हरकत नाही, पण कोणता भाग बदलणार, कोणत्या लाकडाचा, किती दिवसांत, भाडं कोणाचं आणि पुढे एक वर्षाची हमी, हे लेखी आल्यावरच. ‘माझी आता कोणतीही तक्रार नाही’ असा कागद वाद्य घरी येऊन महिनाभर वाजल्याशिवाय सही करू नका.

15 दिवसांत काही झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा. कधी कधी एवढ्यावरही विक्रेते नमतात. तेवढ्यावर थांबू मात्र नका, हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. विक्रेता मुंबईचा असला तरी 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागता येते, हा तुमच्यासाठी सगळ्यात मोठा दिलासा. अधिकारक्षेत्र आता तुम्ही दिलेल्या किमतीवर ठरतं, आणि 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात. किंमत 5 लाखांपर्यंत असल्याने तक्रारीची फी शून्य. अर्ज ऑनलाइनही भरता येतो, वकील सक्तीचा नाही, सुनावणी व्हिडिओवर व्हावी अशी विनंतीही करता येते. सोबत शपथपत्र, बिल, यूपीआयचे तपशील, बँक स्टेटमेंट, बिल्टी, मेसेज, फोटो, खुंट्यांची वही, जाणकाराचं मत, नोटीस आणि पोहोच पावती.

मागणी नेमकी करा: 68,000, भाडं, त्यावर व्याज, मानसिक त्रास आणि खर्चापोटी वाजवी रक्कम. पाच लाखांची भरपाई मागून काही मिळत नाही, उलट खरी तक्रार हलकी होते. विक्रेत्याला उत्तर द्यायला 30 दिवस, जास्तीत जास्त आणखी 15 मिळतात. त्यापुढे आयोग मुदत वाढवू शकत नाही. चाचणी नसेल तर 3 महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्याची मनाची तयारी ठेवा.

तोवर मुलीचा रियाज बंद ठेवू नका. भाड्याने वाद्य मिळालं तर पावती घ्या, तो खर्चही मागता येतो. आणि पुढे नवीन घ्यायची वेळ आली तर या वेळी ऑर्डरच्या कागदावर चौकट, वरची पाटी, मागची पाटी आणि खुंट्यांची फळी, प्रत्येकाचं लाकूड वेगवेगळं लिहून घ्या. ‘फुल अक्रोड’ या शब्दांत काय काय येतं यावर नंतर वाद होतो. घोड्या आणि तारांची संख्या, सा कोणत्या पट्टीचा, सुटे तार, ट्यूनिंगची चावी, वाजवायच्या काड्यांच्या (कलमांच्या) जोड्या आणि पेटी किमतीत धरलीय का, तडा-सांधा-खुंटी यांची किमान एक वर्षाची हमी, हेही त्यात यावं. शक्य असेल तर मुंबईला स्वतः जा. पूर्ण सुरात लावून रात्रभर ठेवायला सांगा आणि सकाळी पुन्हा तपासा. पाटीवर, घोड्यांच्या मधल्या जागेत, स्टीलची पट्टी आडवी धरून पाहा, मध्ये खोलगट दिसलं तर घेऊ नका. चावीने खुंटी फिरवताना सारखा, घट्ट जोर लागला पाहिजे. झटके देत फिरली किंवा लोण्यासारखी फिरली तर दुसरं दाखवायला सांगा. निदान चौथा हिस्सा रक्कम वाद्य घरी येऊन दहा दिवस वाजल्यानंतर द्यायची, असं ठरवून घ्या.

‘बिलाशिवाय घेतलं तर जीएसटी वाचेल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. हाताने बनवलेली देशी वाद्यं जीएसटीतून माफ आहेत, त्यामुळे वाचायला काही नसतंच. त्या कच्च्या पावतीने फक्त तुमचा पुरावा जातो.